सेकंडहँड गिटारचा वास कसा घालवायचा: बडोद्याच्या हवेत करून पाहिलेलं

माझी पहिली गिटार फतेहगंजमधल्या एका होस्टेलच्या खोलीतून आली. बडोद्यात एप्रिल-मे हा जुन्या गिटारींचा हंगाम. युनिव्हर्सिटीच्या परीक्षा संपतात, शेवटच्या वर्षाची मुलं गावी निघतात आणि रेल्वेत न्यायचं जिवावर येतं ते सगळं विकून टाकतात: कूलर, गादी, गिटार. मला साडेतीन हजारांत गिटार, तिची केस, म्हणजे पेटी, आणि एक कॅपो, म्हणजे तारा दाबून धरणारा चिमटा, मिळाला. खोलीत उदबत्ती लावलेली होती. मुलगा भलताच भाविक आहे, असं मला वाटलं. दांडिया बाजारात घरी येऊन केस उघडली तेव्हा आतल्या खोलीतून आई ओरडली, "कोण बिडी ओढतंय गं?"

पुढचा दीड महिना मी त्या वासामागे होते. करू नयेत ते सगळे उपाय त्यात करून झाले. त्यानंतर मावसभावाची, शेजारच्या मुलाची अशा आणखी चार गिटारी माझ्या हातून साफ झाल्या. त्यातली एक तर ऑगस्ट २०२४ च्या विश्वामित्रीच्या पुरात पलंगाखाली भिजलेली होती. तेव्हा नव्याने जुनी गिटार घेणाऱ्यांसाठी हे क्रमाने लिहिते.

एक गोष्ट आधीच लक्षात घ्या. गिटारला बाहेरून पॉलिश असतं, आतून मात्र लाकूड कोरंच असतं. त्या कोऱ्या लाकडात आणि केसच्या मखमली अस्तरात वास मुरतो. आपण मात्र हौसेने बाहेरचा चकचकीत भाग पुसत बसतो.

१. घेण्याआधी हुंगा

लाज वाटू देऊ नका. साउंडहोलला, म्हणजे मधल्या गोल भोकाला, नाक लावा. मग रिकाम्या केसमध्ये डोकं घाला. खोलीत उदबत्ती, अत्तर किंवा रूम फ्रेशनरचा घमघमाट असेल तर गिटार बाहेर गॅलरीत नेऊन पुन्हा हुंगा.

कुबट वास आला तर मोबाईलचा टॉर्च आत मारा. केसच्या अस्तरावर पाण्याची रेघ दिसते का, ट्यूनिंग कीच्या, म्हणजे तारा पिळायच्या खुंट्यांच्या, स्क्रूंना गंज आहे का, मागची फळी कुठे फुगली आहे का, ते पाहा. बोटाच्या पेराने पाठीवर ठिकठिकाणी टकटक करा. एखाद्या जागी आवाज फाटका, खडखडता आला तर आतली आधाराची पट्टी सुटलेली असू शकते. पुरात भिजलेल्या प्लायच्या गिटारचे थर सुटू लागले असतील तर ती फुकट मिळाली तरी घेऊ नका. वास जाईल, पण गिटार उरणार नाही.

२. वासाला नाव द्या

इथे मराठी फार कामाला येते. आपल्याकडे वासांना इतके नेमके शब्द आहेत की निम्मं निदान त्यातच होतं. "घाण वास येतो" एवढ्यावर थांबू नका.

*कुबट, कोंदट*: ओल आणि बुरशी. पावसाळ्यात बंद केसमध्ये राहिलेली किंवा भिजलेली गिटार. आत पांढरट-हिरवट भुकटीसारखे ठिपके दिसतात का ते बघा.

*बिडी-सिगरेटचा दर्प*: धुराचा चिकट थर. बाहेरून पुसला जातो, आतून चिवट. सगळ्यात जास्त वेळ खाणारा प्रकार हाच.

*डांबराच्या गोळ्या*: कोणीतरी कपाटातल्या साड्यांसारखीच गिटारही जपलेली असते. आधी ती गोळी शोधून काढा, कारण ती आत असेपर्यंत सगळे उपाय वाया जाणार. गोळी वितळत नाही, हळूहळू हवेत उडून जाते. म्हणजेच हा वास नुसत्या मोकळ्या हवेनेही जातो, फक्त आठवडे लागतात. काढलेली गोळी लहान मुलांच्या हाताला लागेल अशी ठेवू नका.

*खवट*: तेल. कोणीतरी फ्रेटबोर्डला, म्हणजे ज्या पट्टीवर बोटांनी तारा दाबतो तिला, खोबरेल चोळलंय.

*ओशट*: झुरळं. *उग्र, डोळ्यांत जाणारा*: उंदीर. माळ्यावर पडून असलेल्या गिटारीत उंदराने कापसाचं अंथरूण केलेलं मी स्वतः पाहिलं आहे. असं काही दिसलं तर मास्क आणि हातमोजे घातल्याशिवाय आत हात घालू नका.

माझ्या गिटारला बिडी आणि कुबट असे दोन वास होते. बिडीचा वास इतका जोरदार होता की दुसरा मला तीन आठवड्यांनी कळला.

३. गिटार आणि केस वेगळी करा, मग रुमालाची परीक्षा घ्या

आणल्या दिवशीच दोघांची ताटातूट करा. गिटार एका खोलीत, केस दुसरीकडे. साफ केलेली गिटार वासाच्या केसमध्ये पुन्हा ठेवली की रात्रीत सगळी मेहनत वाया जाते. माझी दोनदा गेली.

आता दोन धुतलेले सुती रुमाल घ्या. एक सैलसर घडी करून साउंडहोलमधून आत सोडा, त्याचं एक टोक बाहेर राहू द्या. दुसरा केसमध्ये ठेवून झाकण लावा. सकाळी दोन्ही रुमाल वेगवेगळ्या प्लास्टिकच्या पिशव्यांत घालून दुसऱ्या कोणाला तरी हुंगायला द्या. दुसऱ्या कोणाला अशासाठी की तोवर तुमचं नाक त्या वासाला सरावलेलं असतं. आमच्याकडे हे काम आईचं. तिने पहिला रुमाल हुंगून "हं, थोडी बिडी" म्हटलं आणि दुसरा हुंगून पिशवी खिडकीबाहेर धरली. म्हणजे खरा गुन्हेगार केस होती, आणि मी आठवडाभर गिटार पुसत होते.

ही परीक्षा दर आठवड्याला करा. वास कमी होतोय की नाही, हे कळायला घरी दुसरा खात्रीचा मार्ग नाही.

४. साहित्य

- दोन-तीन जुने मऊ सुती कपडे (बनियन सगळ्यात उत्तम), दोन जुने पातळ मोजे
- मास्क, मोबाईलचा टॉर्च, छोटा आरसा
- एक वाटी कोरडे कच्चे तांदूळ
- खाण्याचा सोडा, पाव किलो
- ॲक्टिव्हेटेड कोळसा, पाव ते अर्धा किलो
- गिटार मावेल अशी कचऱ्याची मोठी पिशवी
- व्हॅक्युम क्लीनर, घरी नसेल तर मागून आणा
- हवेतली आर्द्रता दाखवणारं छोटं डिजिटल मीटर
- नव्या तारांचा एक सेट

यातल्या तीन गोष्टी आणताना घोटाळा होतो.

सोडा: आपल्या किराणावाल्याकडे गुजरातीत मागताना "साजी ना फूल" म्हणा. घाईत "लिंबू ना फूल" म्हणालात तर हातात सायट्रिक ॲसिड पडेल. दोन्ही पांढरे, दोन्ही पुडीत. मी हा पराक्रम केलेला आहे.

तांदूळ: आपल्याकडे वर्षाचं धान्य भरताना त्याला दिवेल, म्हणजे एरंडेल, चोळतात, नाहीतर बोरिक पावडर लावतात. ते तांदूळ गिटारमध्ये ओतू नका. दुकानातून साधे कोरे तांदूळ आणा.

कोळसा: शेगडीचा कोळसा वास थोडाफार ओढतो, पण काळी भुकटी जास्त सांडतो. ॲक्टिव्हेटेड कोळसा माशांच्या टाक्या विकणाऱ्या दुकानात मिळतो, तिथे तो पाणी गाळायला वापरतात. दाणेदार घ्या, पावडर नको.

५. तारा उतरवा

जुन्या तारांवर घाम, तेल आणि धूर यांचा सगळा इतिहास साचलेला असतो. त्या टाकूनच द्या. आधी सगळ्या तारा थोड्या थोड्या सैल करा, मग काढा. ताणलेली तार कधीही कापू नका, उडून डोळ्याला लागते. स्टीलच्या तारांच्या गिटारवर ब्रिजच्या, म्हणजे तारा खाली जिथे अडकवतात त्या लाकडी पट्टीच्या, पिना घट्ट बसलेल्या असतात. साउंडहोलमधून हात घालून आतल्या बाजूने नाण्याने दाबा, निघतात. पक्कडने ओढल्या तर मोडतात. काही दिवस तारांशिवाय राहिल्याने नेकचं, म्हणजे गिटारच्या दांड्याचं, काही बिघडत नाही.

६. आतून कोरडी सफाई

आरसा आणि टॉर्चने आत नीट पाहा. माझ्या गिटारमधून तारा छेडायच्या दोन चकत्या (प्लेक्ट्रम), एक बस तिकीट आणि सिगरेटचं एक थोटूक निघालं. थोटूक! त्या मुलाच्या उदबत्तीवर माझा अजून राग आहे.

आता तांदळाची युक्ती. एक वाटी तांदूळ साउंडहोलमधून आत ओता, भोकावर हात ठेवा आणि गिटार आडवी-उभी करत हळूहळू हलवा, सूप पाखडताना हलवतात तशी. तांदूळ कोपऱ्याकोपऱ्यांतली धूळ खरवडून बरोबर आणतात. पाच मिनिटांनी गिटार उलटी करून तांदूळ वर्तमानपत्रावर ओता. पहिल्या खेपेला माझे तांदूळ राखाडी झाले होते. तिसऱ्या खेपेला पांढरे निघाले. दाणे मोजायची गरज नाही, एखाददुसरा आत राहिलाच तर वाजवताना कळतो. वापरलेले तांदूळ टाकून द्या, चिमण्यांनाही घालू नका.

आतून पिकअप (आवाज स्पीकरकडे पाठवणारा भाग) आणि वायर असलेली गिटार असेल तर हे हलक्या हाताने करा, किंवा तांदूळ सोडून फक्त व्हॅक्युमची नळी वापरा.

बुरशी असेल तर तांदळाच्या आधी मास्क लावून, गच्चीवर सावलीत, व्हॅक्युमने ती ओढून घ्या. घरात झटकलीत तर ती घरभर पसरेल. मग स्पिरिटने जेमतेम ओलसर केलेल्या कापडाने आतलं कोरं लाकूड पुसा आणि दोन दिवस हवेवर ठेवा. स्पिरिट फक्त आतल्या कोऱ्या लाकडासाठी. काम करताना जवळ गॅस, दिवा, उदबत्ती नको.

७. बाहेरून पुसा

कोमट पाणी, त्यात भांड्याच्या साबणाचा एक थेंब. कापड त्यात बुडवून इतकं पिळा की गालाला लावलं तर गार लागेल पण ओलं होणार नाही. थोडा थोडा भाग पुसा आणि लगेच कोरड्या कापडाने टिपा. धुराची गिटार असेल तर कापड चहाच्या रंगाचं होईल. तीन-चार वेळा करावं लागतं. डागाचा एखादा हट्टी ठिपका थुंकीने ओल्या केलेल्या कापसाच्या काडीने निघतो. हसू नका, जुनी चित्रं साफ करणारे जाणकारही थुंकी वापरतात.

सॅनिटायझर नको. लॉकडाऊनमधल्या उरलेल्या बाटल्या सगळ्यांकडे आहेत आणि हात तिकडेच जातो. त्यातल्या अल्कोहोलने लाखेचं पॉलिश विरघळतं, जुन्या लॅकरवर पांढरे डाग पडतात. डेटॉल, फिनेल, रॉकेल, अत्तर हेही नको.

फ्रेटबोर्ड गडद, बिनपॉलिशचा असेल तर सगळ्यात बारीक, चार शून्यांच्या स्टील वूलने लाकडाच्या रेषांच्या दिशेने हलकेच घासा. इलेक्ट्रिक गिटार असेल तर पिकअपवर आधी टेप लावा, नाहीतर लोखंडाचा चुरा चुंबकाला चिकटून बसेल. मग फ्रेटबोर्डसाठी मिळणाऱ्या लेमन ऑइलचे दोन-चार थेंब लावून जास्तीचं पुसून काढा. लेमन ऑइल म्हणजे लिंबाचा रस नव्हे. आणि खोबरेल तर अजिबात नाही. आजीने कितीही आग्रह केला तरी नाही, ते महिन्या-दोन महिन्यांत खवटतं आणि क्रमांक २ मधला तो वास तुमच्याच घरी तयार होतो.

८. कोळशाची समाधी

मुख्य काम याच पायरीवर होतं, आणि लोक इथेच घाई करतात.

ॲक्टिव्हेटेड कोळसा जाळीत धरून फुंकून किंवा चाळून भुकटी काढून टाका. दोन मोज्यांत प्रत्येकी दोन मुठी भरा, गाठ मारा. एक मोजा साउंडहोलमधून आत सोडा, त्याला दोरा बांधून दोऱ्याचं टोक बाहेर ठेवा, नाहीतर काढताना रडाल. दुसरा मोजा आणि सोड्याची उघडी वाटी गिटारच्या शेजारी ठेवा. मग सगळं कचऱ्याच्या मोठ्या पिशवीत घालून तोंड बांधा. पिशवी आडवी, सपाट, पंख्याखालच्या खोलीत कुठेही, पण उन्हात नाही.

सोडा वाटीतच राहू द्या. गिटारच्या आत कधीही ओतू नका. तो फळ्यांच्या सांध्यात बसतो आणि पुढची दोन वर्षं प्रत्येक कॉर्डला थोडा थोडा बाहेर येतो.

सात दिवस पिशवीत, एक दिवस हवेवर, पुन्हा सात दिवस. दर फेरीला रुमालाची परीक्षा. कुबट वासाला दोन फेऱ्या पुरल्या. डांबराच्या गोळीला तीन. बिडीला पाच लागल्या आणि दर दुसऱ्या फेरीला मी कोळसा नवा घातला.

भिजलेल्या गिटारला मात्र थेट पिशवीत कोंडू नका. आधी मोकळ्या हवेत, सावलीत, आठ-दहा दिवस पूर्ण वाळू द्या. ओल असताना पिशवी बांधली तर आत बुरशीची शेती होते.

९. ऊन केसला, सावली गिटारला

ही माझी सगळ्यात महाग चूक. मे महिना, पारा बेचाळीसला. आईने पापड वाळत घातले होते, त्यांच्या शेजारी मी गिटार ठेवली. "ऊन दिलं की वास जातो" हे गाद्यांच्या बाबतीत खरं आहे. संध्याकाळी गिटार उचलली तर ब्रिज मागच्या बाजूने उठला होता. त्याच्याखाली पोस्टकार्ड सरकत होतं. उन्हात तापलेल्या लाकडाचं तापमान हवेच्या कितीतरी वर जातं आणि साठ-पासष्ट अंशांच्या आसपास लाकूडकामाचा साधा गोंद ढिला पडू लागतो. बंद गाडीत ठेवलेल्या गिटारचंही हेच होतं. हेअर ड्रायरही नको. ब्रिज पुन्हा चिकटवून घ्यायला मला गिटारच्या किमतीच्या एक तृतीयांश पैसे मोजावे लागले.

केसला मात्र खुशाल ऊन द्या. व्हॅक्युम करा, अस्तरावर सोडा शिंपडा, रात्रभर ठेवा, सकाळी पुन्हा व्हॅक्युम करा आणि दोन-तीन दिवस उघडी गच्चीवर ठेवा. कापडी कव्हर असेल तर धुण्याच्या पावडरीत भिजवून हाताने धुवा. केसच्या आतल्या फोममध्ये बुरशी गेली असेल किंवा अस्तर पाण्याने सुटलं असेल तर मोह सोडा. माझी केस शेवटी भंगारवाल्याला गेली. त्याने उघडली, नाक मुरडलं आणि दहा रुपये कमी दिले.

१०. तरीही वास उरला तर

धुराचा वास शेवटचा दहा-पंधरा टक्के जात नाही, असा माझा अनुभव. बहुतेक वेळा तो फक्त नाक भोकाला लावल्यावरच येतो आणि तेवढा मी सोडून देते. फारच त्रास होत असेल तर वाद्यं दुरुस्त करणारे कारागीर आतल्या लाकडावर लाखेचं पातळ पॉलिश देऊन वास आत कोंडून टाकू शकतात. याने आवाज किंचित बदलू शकतो आणि हे उलटं फिरवता येत नाही, म्हणून महागड्या गिटारवर करण्याआधी दहा वेळा विचार करा. ओझोन मशीन वापरा असंही कोणी सुचवेल. तो वायू फुप्फुसांना घातक आहे आणि रबराच्या भागांची वाट लावतो. मी त्या फंदात पडले नाही.

११. नव्या तारा, आणि मग पावसाळा

तारा एका दमात पूर्ण सुरात चढवू नका. पहिल्या दिवशी एक सूर खाली ठेवा, दुसऱ्या दिवशी वर आणा.

हे सगळं करायला बडोद्यात सगळ्यात चांगला काळ नवरात्र संपल्यापासून होळीपर्यंतचा, हवा कोरडी आणि ऊन सौम्य. जुलै-ऑगस्टमध्ये गिटार आणलीत तर पहिल्या सात पायऱ्या करा, कोळसा ठेवा, पण पिशवी बांधू नका.

गिटारला ४५ ते ५५ टक्के आर्द्रता मानवते. सत्तरच्या वर ती बरेच दिवस राहिली की बुरशी धरते, आणि आपल्याकडे श्रावणात मीटर ऐंशीच्या खाली यायला तयार नसतो. ओल शोषणाऱ्या, रंग बदलणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या केसमध्ये ठेवा, रंग बदलला की गरम करून पुन्हा वापरा. होळीनंतर त्या काढून टाका, कारण उन्हाळ्यात चाळीसच्या खाली कोरडं पडलं तर फळीला चीर जाते. मीटर केसमध्येच राहू द्या. पावसाळ्यात दर रविवारी गिटार बाहेर काढून अर्धा तास पंख्याखाली ठेवा, आणि केसही उघडी टाका. त्या अर्ध्या तासात वाजवलीत तर उत्तमच, पंखा मात्र चालू ठेवा.